सोनिया साहूची अडचण

मंजिरीताईंवर तीन वर्षांत मिळून साठ विद्यार्थ्यांचं पालकत्व सोपवलेलं होतं, आणि ही गोष्ट त्यांना कॉलेजला ग्रेड देणारी समिती यायच्या नऊ दिवस आधी कळली.

"दरवर्षी वीस पोट्टे वाटून दिले होते मॅडम, सर्क्युलर निघालं होतं," प्राचार्य चारुदत्त सर म्हणाले. "त्यायच्या अडचणी विचारायच्या, उपाय करायचा, डायरीत लिहायचं. समिती पहिले डायऱ्याच मागते. ग्रेड वाढली तर पक्क्या पोस्टसाठी तुमचं नाव ट्रस्टकडे पाठवतो. नाही वाढली, तर..."

मंजिरीताई नऊ वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर कॉमर्स शिकवत होत्या. पुढचं त्यांना पाठ होतं.

रविवारी दुपारी जेवणं उरकली आणि घरात डायऱ्यांचा कारखाना सुरू झाला. त्यांचे यजमान नरेशराव रेल्वेच्या ऑफिसात हेडक्लार्क. कागद जुना कसा दिसतो हे त्यांना शिकवावं लागत नसे. त्यांनी तीन वर्षांसाठी तीन वेगळी पेनं काढली आणि भरलेल्या वह्या गच्चीवर सांडग्यांच्या शेजारी उन्हात टाकल्या.

अडचणी मात्र पंधराव्या मुलापाशीच संपल्या. तोवर अकरा जणांना इंग्रजीची भीती वाटून झाली होती.

"आता काय लिहू?" मंजिरीताईंनी मान चोळली.

सासूबाई, शांताबाई, वाती वळत बसल्या होत्या. "अडचणी सुचत नाही तुले? मले विचारायचं ना. लिही. घरी एकच खोली. बाप रातपाळीचा, दिवसा झोपते. पोट्टीले अभ्यासाले बसता येत नाही. पान उलटलं तरी बाप कूस बदलते."

कॉलेज हिंदी माध्यमाचं, म्हणून ते हिंदीत उतरवता उतरवता मंजिरीताईंचं पेन थांबलं. "आई, हे कोणाचं?"

"कोणाचं काय? बाबा गँगमन होते माझे. सातवीत सोडली म्या शाळा. तू लिही बाप्पा, त्या इंग्रजीच्या भीतीपरीस बरं दिसते."

यादीत पुढचं नाव सोनिया साहू होतं. ते तिच्या पानावर गेलं.

"उपायात टाक, वाचनकक्ष सकाळी सातले उघडून दिला," नरेशराव म्हणाले. "उपाय कसा ठोस दिसला पाहिजे."

ठरल्या दिवशी समिती आली. अध्यक्षबाई भोपाळच्या, बारीक चष्म्याच्या. गुच्छ, स्वागतगीत, काजू सगळं त्यांनी निमूट सोसलं आणि डायऱ्या मागितल्या. अकरा भीती त्यांनी भराभर उलटल्या. मग एका पानावर थांबल्या, दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "इस बच्ची से मिलना है।"

सोनिया वर्गात सापडली, हे नशीब. पण दारात सोबत तिची मैत्रीणही आली होती, आणि मंजिरीताई आपलेपणानं हसल्या त्या नेमक्या मैत्रिणीकडे बघून.

अध्यक्षबाईंनी पान वाचून दाखवलं. "ये सही है, बेटा?"

मंजिरीताईंनी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला.

"हव, मैडम," सोनिया हळूच म्हणाली. "पापा उरला इंडस्ट्रियल एरिया में हैं, रोलिंग मिल में। नाइट शिफ्ट। पर ये तो मैंने किसी को बताया नहीं था।"

"अच्छी टीचर को बताना नहीं पड़ता," अध्यक्षबाई म्हणाल्या. मंजिरीताईंना जमिनीत शिरावंसं वाटलं. फरशी नवीच बसवली होती, तेही जमण्यासारखं नव्हतं. "और ये सात बजे वाला वाचनालय? कल सुबह आकर देखती हूँ।"

वाचनकक्ष उघडायचा अकराला, तोही शिपाई नत्थूला किल्ली सापडली तर.

"तुम्हीच लिहिलं ना?" चारुदत्त सर व्हरांड्यात दबक्या आवाजात म्हणाले. "मग उघडा तुम्हीच. मी चाळीस पोट्टे बोलावून घेतो, हजेरी देतो म्हणून."

सकाळी साडेसहाला मंजिरीताई आणि नत्थू टेबलांवरची धूळ झटकत होते. सात वाजले. हजेरीच्या आमिषानं चाळिसांपैकी एकही उठला नव्हता. आल्या त्या चौघी: सोनिया आणि तिच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, तिघी. त्यांना कोणी निरोप दिला नव्हता. काल खोलीत ऐकलेलं सोनियानं खरं मानलं होतं, एवढंच.

अध्यक्षबाई सात वाजून दहा मिनिटांनी आल्या. चौघींपैकी एकीनंही मान वर केली नाही. अध्यक्षबाई दारातूनच परत फिरल्या.

ग्रेड एका पायरीनं वर गेली. अहवालात 'सकाळी सातचा वाचनकक्ष' हा महाविद्यालयाचा आदर्श उपक्रम म्हणून नोंदला गेला.

"तुमच्या पोस्टचं ट्रस्टच्या पुढच्या बैठकीत पाहू," चारुदत्त सर म्हणाले. "पण वाचनकक्षाची ऑर्डर आजच काढली, तुमच्या नावानं. रोज सातले, पाच वर्षं. दरसाल तारखेसकट फोटो पाठवा लागतात, मॅडम."

दुसऱ्या दिवशी सहा मुली होत्या, आठवड्याअखेर सतरा. मंजिरीताई कोपऱ्यात जांभया आवरत बसायच्या. एका सकाळी सोनिया समोर येऊन उभी राहिली.

"मैडम, एक बात पूछूँ? आपको मेरे घर का किसने बताया था?"

अच्छी टीचर वगैरे उत्तर तयार होतं. ते समितीनंच देऊन ठेवलं होतं. मंजिरीताईंनी शेजारची खुर्ची तिच्यापुढे ओढली.

"कोणी नाही सांगितलं गं. मी तुला कधी विचारलंच नव्हतं."

सोनियाला मराठी समजायचं. ती बॅग मांडीवर घेऊन खुर्चीवर बसली.

"तो अब पूछ लीजिए ना, मैडम।"