लिफ्टमधून आलेला भाऊ

प्रमिलामावशीला सिनेमा बघताना आवाज चालत नाही. टीव्ही सुरू झाला की ती आधी आवाज शून्यावर आणते आणि म्हणते, "हं, आता नीट ऐका." मग ऐकायचं ते तिचं.

ती माझी सख्खी मावशी नाही. जयेंद्रगंजात आमच्या समोरच्या घरात ती एकटी राहते आणि साड्यांना फॉल लावून देते. वय सहासष्ट. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणते, "मी फॉल लावत होते, तेवढ्यात राहून गेलं."

बाडा चौकाजवळचं एक सीडीचं दुकान बंद झालं तेव्हा तिने तिथून खोकंभर इंग्रजी सिनेमे उचलून आणले. सगळे एकाच जातीचे. माणूस यंत्रात, बसमध्ये नाहीतर आरशात शिरतो आणि जुन्या काळात बाहेर पडतो. मावशी त्यांना 'उलटे सिनेमे' म्हणते.

"दुसरे सिनेमे का नाही बघत?" मी लहानपणी विचारलं होतं.

"त्यांत माणसं पुढे पुढेच जातात. ते काय, आपण घरबसल्या करतो."

आता सगळं मोबाइलवर दिसतं, हे तिला सांगून उपयोग नाही. "मोबाइलवर काळ मागे जात नाही. नुसता अंगठा मागे जातो." सीडी अडकली की ती तिला पदराने पुसते आणि पुन्हा घालते.

मावशी आठवी शिकली आहे. इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, पण त्यामुळे तिचं काही अडत नाही. सुईत दोरा ओवता ओवता ती सगळा सिनेमा मराठीत सांगते. एकदा एक टकला शास्त्रज्ञ फळ्यावर भराभर आकडे लिहीत होता. मी विचारलं, "हा काय करतोय?"

"पत्रिका मांडतोय. मागे जायला मुहूर्त नको?"

साडी द्यायला आलेली बाई सिनेमा संपेपर्यंत उठत नाही. मध्येच उठलेल्या बाईचा फॉल तिरका लागतो, असं गल्लीत म्हणतात. मी स्वतः पाहिलेलं नाही.

तिचा सगळ्यात लाडका सिनेमा 'लिफ्टवाला'. सीडीवरचं खरं नाव तिला माहीत नाही. एक उंच गोरा माणूस लिफ्टमध्ये शिरतो आणि तीस वर्षं मागे बाहेर पडतो. मग शहरभर एका टोपीवाल्या बाईला शोधतो. मावशी सांगायची, "ती त्याची बहीण. हा भाऊबीजेला आलाय. हातात पाकीट बघ, साडी आहे त्यात." शेवटी ती बाई सापडते आणि तो तिच्या दोन्ही हातांत काहीतरी चकचकीत घालतो.

"बांगड्या," मावशी म्हणायची.

"पण त्या एकमेकींत अडकल्यात."

"तिकडची फॅशन. मी सांगते ना!"

मग ती बाई रडायची आणि मावशी सुई खाली ठेवायची. "भाऊ आला म्हणून रडतेय." मग आम्हीही रडायचो. मी हा सिनेमा असा निदान वीस वेळा पाहिला.

पुढे मी कॉलेजात गेले. आमचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून घोड्यावर इकडे हिंदी मुलखात आले होते म्हणतात. पप्पा शहराच्या लष्कर भागात सवारीचा टेंपो चालवतात. कॉलेजात जाणारी घरातली मीच पहिली. इंग्रजी सुधारायला सरांनी सबटायटल वाचत सिनेमे बघायला सांगितलं, म्हणून मी 'लिफ्टवाला' शोधून काढला. एकेक ओळ थांबवून वाचली. दीड तासाच्या सिनेमाला मला दोन दिवस लागले.

तो माणूस भाऊ नव्हता. पोलीस होता. पाकिटात साडी नव्हती, अटकेचं वॉरंट होतं. बांगड्या म्हणजे बेड्या. मी आधी माझ्याच इंग्रजीला दोष दिला आणि डिक्शनरी घेऊन पुन्हा बसले. तरीही तो पोलीसच निघाला.

मी घाबरत घाबरत मावशीला सांगितलं. तिने दात लावून दोरा तोडला.

"कुणी सांगितलं?"

"खाली लिहिलेलं असतं, मावशी."

"लिहिणारा तिथे होता का?"

"नाही, पण…"

"मग! मी सांगते ना, भाऊ आहे."

विषय तिथे संपला असता. पण आमच्या मराठी मंडळाने बायकांसाठी दुपारचा सिनेमा ठरवला आणि मावशीने हौसेने 'लिफ्टवाला' सुचवला. सेक्रेटरी भालेरावकाकांनी त्याची हिंदीत डब केलेली कॉपी मिळवली. ज्या बायकांनी वर्षानुवर्षं तिच्या घरी बसून डोळे पुसले, त्यांच्याचसमोर ती खोटी पडणार होती. मी तिला म्हटलं, "मावशी, हिंदीत आहे. सगळ्यांना कळेल. तू येऊच नकोस."

"का? मी चोरी केलीये?" ती म्हणाली, आणि ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत जाऊन बसली.

हॉल भरलेला. लिफ्टचं दार उघडलं, गोरा बाहेर आला आणि खणखणीत हिंदीत म्हणाला की त्या बाईला आज पकडायचंच. मागून कुणीतरी हसलं. शेजारच्या मंदाकाकू वळल्या. "अगं प्रमिला, हा तर पुलिसवाला आहे! आणि तुझी भाऊबीज?"

आता हसणं दोन-तीन रांगांत पसरलं. मी खाली बघत बसले. मावशी उठली, सरळ स्पीकरपाशी गेली आणि वायर उपटली.

भालेरावकाका धावले. "अहो प्रमिलाताई, ये क्या कर रही हैं आप? लोकांना ऐकायचंय!"

"ऐकवतेच आहे. ज्यांना पोलिसाचा सिनेमा बघायचाय त्यांनी आपापल्या घरी बघा. इथे भाऊबीज आहे."

"पण ताई, जो असली है वो…"

"असली काय ते मला विचारा. बसा तुम्ही."

भालेरावकाका उभेच राहिले. वायर मावशीच्या मुठीत. पडद्यावर गोरा मुक्याने चालत होता. मग मंदाकाकूच म्हणाल्या, "सांग गं. पाकिटात काय आहे?"

"साडी," मावशी म्हणाली. "हिरवी. काठाची."

तिने उभ्याने शेवटपर्यंत सगळा सिनेमा सांगितला. बेड्या आल्या तेव्हा कुणी हसलं नाही. भालेरावकाका चष्मा पुसत होते. मी मोबाइलवर तिचं बोलणं रेकॉर्ड केलं.

परत चालत येताना मी विचारलं, "मावशी, तुला माहीत होतं?"

"केव्हापासून."

मग तिने सांगितलं. तिच्या घरात मुलींना टॉकीजमध्ये जायची परवानगी नव्हती. मोठा भाऊ, अरविंददादा, घरातला पहिला कॉलेजवाला. तो इंग्रजी सिनेमा बघून यायचा आणि ती पोळ्या लाटत असताना तिला अख्खा सांगायचा. लिफ्टवाला, भाऊबीज, बांगड्या, सगळं त्याचं.

"त्याला तिथलं काही कळायचं नाही गं. वर्गातलंही नाही. पण घरी सांगणार कसं? सगळे म्हणायचे, आमचा अरविंद इंग्रजी शिकतो."

पप्पा रोज विचारतात, "समझ में आता है ना?" आणि मी रोज हो म्हणते.

"मग केबलवर तोच सिनेमा हिंदीत लागला," मावशी म्हणाली. "दादाच्या सासरची माणसं आली होती. मी सगळ्यांसमोर सांगितलं, बघा, आमच्या दादाने पोलिसाचा भाऊ केला! खूप हसले मी. तोही हसला. पण त्यानंतर त्याने मला कधी सिनेमा सांगितला नाही. इंदूरला असतो. दिवाळीला फोन करतो, गुडघे कसे आहेत विचारतो. मी सिनेमाचं विचारलं की म्हणतो, हल्ली बघणं होत नाही."

"तुला मागे जाता आलं तर काय करशील?"

"काही नाही. गप्प बसेन."

रस्त्यावर टेंपोवाले सवारीसाठी ओरडत होते. ती चार पावलं पुढे जाऊन थांबली.

"ते मोबाइलमध्ये घेतलंस ना? दादाला पाठव." दादाचा नंबर तिने तोंडपाठ सांगितला.

"सोबत काय लिहू? माफ कर, असं?"

"छे! त्याला वाटेल, बहीण मरायला टेकली."

तिने चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा घातला.

"लिही, दादा, त्यानंतर कुठला पाहिलास?"