तांबड्या रथाच्या हवेतील फितुरीची हकीकत

श्रीचक्रपाणी समर्थ, चारी चाकांस त्याचा आधार असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एका राज्यात जे घडलं ते सांगतो, ऐका गड्यांनो, आणि राज्याचं नाव विचारू नका, तिथं नाव विचारणाराचीही चौकशी होत असे. तर महाराजांनी विलायतेहून तांबडा रथ आणविला. रथ कसला, बाण! आसनं दोनच, पोट जमिनीला टेकलेलं, आणि इंजिनाने पहिली डरकाळी फोडली तशी राजवाड्यावरची कबुतरं उडून पलीकडच्या संस्थानात जाऊन बसली, आणि महाराजांस तत्क्षणी संशय आला की कबुतरं मुळापासून तिकडचीच होती. पलीकडच्या संस्थानाशी दरसाल घाटाची शर्यत होत असे, जो आधी माथ्यावर पोचेल त्याचं निशाण वर्षभर तिथं फडकायचं, आणि गेल्या साली ते पलीकडच्या युवराजाचं फडकलं, म्हणून महाराज राजवाड्याची घाटाकडची खिडकी उघडूच देत नसत.

मग प्रश्न पडला चाकांचा. दिवाण सखोपंत म्हणाले, "सरकार, रिम थोरली घ्यावी, आणि तीवर टायर पातळ, पापडासारखा. वळणावर रथ डुलणार नाही, आणि दिसायला काय रुबाब!" रथशाळेचे चाकनीस हैबतराव, ज्यांच्या घरी तीन पिढ्या रथशाळेची चावी होती आणि तीन पिढ्यांचा राग नाकावर होता, ते म्हणाले, "रुबाब दिवाणखान्यात ठेवा पंत. घाटातल्या शेवटच्या वळणाची कड फुटलीय. पापड तिथं मोडणार. रिम धाकटी आणि हलकी, टायर जाड गालाचा, रबर मऊ, म्हणजे रस्ता धरून राहील." महाराजांनी दोघांकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, याला धाकटी का हवी, त्याला थोरली का हवी, दोघांना कोणी शिकवलं? आणि त्या आठवड्यात दिवाणांवरचा संशय अंमळ जास्त होता, म्हणून चाकनिसांचं ऐकलं. अशी ती निवड झाली!

चाकं चढली आणि मग हवेचं प्रकरण उद्भवलं. चाकनीस भल्या सकाळी थंडीत, कानटोपी घालून, चारी चाकांत तीस हवा भरीत आणि न्याहारीस जात. महाराज दुपारी घाटात रथ पळवून येत, आणि रथ उभा राहतो न राहतो तोच दिवाण गेज लावून बघत, तर हवा छत्तीस! दिवाण धावत हुजुरात गेले, "सरकार, घात! टायर फोडून सरकारांस दरीत घालायचा डाव!" आणि त्यांनी स्वहस्ते हवा सोडून पुन्हा तीस केली. दुसऱ्या सकाळी चाकनीस बघतात तर पंचवीस! तेही धावले, "सरकार, कोणीतरी हवा चोरली!" आणि पुन्हा भरली. मग दुपारी दिवाण, सकाळी चाकनीस, असं रोज सुरू झालं, आणि दोघेही इमानदार, दोघेही खरे, आणि दोघेही एकमेकांकडे असे बघू लागले की पंगतीत मीठ मागायची चोरी.

महाराजांनी पहारे बसविले. मग पहाऱ्यांवर पहारे बसविले. मग एके दिवशी, रथ घाटातून तापून आला असता, स्वतः गेज लावून तीस हवा केली, वॉल्व्हच्या टोप्यांवर लाख ओतविली आणि वर राजमुद्रा उमटविली. चार टोप्या, चार मोहरा! असं कुठल्या राज्यात झालं होतं काय? आणि सकाळी मोहरा शाबूत, लाख शाबूत, आणि आत पंचवीस. महाराज पांढरेफटक पडले. म्हणाले, "मोहर न मोडता हवा नेली. हे साधं काम नव्हे. रथशाळेची चावी कोणाकडे?"

"माझ्याकडे," चाकनीस म्हणाले. "आणि चावी माझ्याकडे म्हणून चोर मी? मग खजिन्याची दिवाणांकडे आहे, त्यांना आधी बांधा की!"

"सरकार, बघा, उलटून बोलतो," दिवाण म्हणाले.

"उलटून नाही पंत, सरळ तोंडावर बोलतोय!"

झालं. हुकूम सुटला. चाकनिसांची चावी गेली, पंप गेला, आजोबांच्या वेळचा पितळी गेज गेला, आणि सूर्य डोक्यावर यायच्या आत राज्याची हद्द सोडावी असं ठरलं. चाकनिसांनी जाताना रथाच्या डाव्या पुढच्या चाकावर हात ठेवला, आणि तोही हात पहारेकऱ्यांनी हुंगून पाहिला.

आता महाराजांचा कोणावरच भरवसा उरला नाही. त्यांनी रथ अंगणात ढकलवून आणविला, स्वहस्ते चारी चाकांत तीस भरली, स्वहस्ते लाख ओतली, बोट भाजून घेतलं, आणि समोर खुर्ची टाकून बसले. माणूस नाही, काणूस नाही. उन्हं वर आली. रथाच्या उजव्या अंगाला तटाची सावली, डाव्या अंगाला लख्ख ऊन. पुष्कळ वेळाने महाराजांनी मोहरा फोडल्या, तर उजवीकडे तीस आणि डावीकडे तेहतीस! महाराज खुर्चीखाली बघू लागले. तेवढ्यात राणीसाहेब ताक घेऊन आल्या.

"काय शोधता?"

"फितूर. आमच्या डोळ्यांदेखत डावीकडे हवा भरून गेला."

राणीसाहेबांनी डाव्या टायरला हात लावला आणि चटकन काढला. उजव्याला लावला आणि ठेवला. म्हणाल्या, "अहो, हा तापलाय आणि हा गार आहे. आतली हवाही तापून फुगली असेल. रात्री थंडीनं आकसत असेल. आता सूर्यनारायणाला धरून आणा. पण त्याच्या मापाची बेडी आहे का तुमच्याकडे?"

महाराज ताक हातात धरून उभेच! मग स्वार पिटाळला, आणि चाकनीस हद्दीच्या नाक्यावर पायताण झाडताना सापडले. निरोप ऐकून म्हणाले, "गेज परत द्या. आणि एक अट. हवा सकाळी मी भरीन, त्यानंतर वॉल्व्हला कोणी शिवायचं नाही. सरकारांनीसुद्धा." स्वार म्हणाला, "महाराजांना असं सांगू?" "असंच सांग. आणि ओरडून सांग."

अट मान्य झाली आणि शर्यतीचा दिवस आला. रथ तापवून आरंभरेषेवर आणला. शेजारी युवराजाचा निळा रथ, थोरली रिम, टायर पापड! युवराज खिडकीतून म्हणाला, "काका, तुमची चाकं फुगल्यासारखी दिसतात हो. कोणी जास्त भरली की काय?" आणि महाराजांच्या अंगावर सरसर काटा आला. ते उतरले. खिशातून गेज निघाला. लावला. सदतीस! बोट वॉल्व्हवर गेलं. दिवाण श्वास रोखून, लोक श्वास रोखून, आणि चाकनीस पागोटं काखेत मारून उभे, हद्दीकडे तोंड करून, म्हणजे बोट दाबलं की निघायला बरं. महाराजांनी युवराजाकडे पाहिलं, चाकनिसांकडे पाहिलं, घाम पुसला, आणि गेज चाकनिसांच्या हातात दिला.

मग काय विचारता! दोन्ही रथ घाटात उधळले, आणि शेवटच्या वळणावर फुटकी कड आली, आणि निळ्याची रिम तिथं अशी वाकली की रथ फेंगडा चालू लागला, आणि तांबडा धप्‌ म्हणून आदळला, सावरला, आणि माथ्यावर गेला. निशाण चढलं. घाटाकडची खिडकी उघडली. चाकनिसांस शेला आणि चावी बहाल झाली.

सायंकाळी महाराज रथ बघायला म्हणून सहज रथशाळेत निघाले, तर चाकनीस दारात आडवे. म्हणाले, "झडती द्यावी लागेल, सरकार." महाराज म्हणाले, "आमची?" आणि हात वर केले, आणि आतल्या खिशातून दुसरा गेज निघाला.

येणेप्रमाणे हवा निर्दोष ठरली, चाकनीस ठिकाणी बसले, निशाण राहिलं, आणि रथशाळेच्या दारी रोज एकाच माणसाची झडती होत राहिली. ऐकणारांचे रथ सुखरूप माथी पोचोत. लेखन समाप्त.