‘आधी’च्या जागेवरच्या बाई

माणसाला स्वतःचा चेहरा दिसत नाही, ही निसर्गाने केलेली मोठी सोय आहे. ही सोय दूर करण्यासाठी नातेवाईक निर्माण झाले. त्यांच्याही नजरेतून काही निसटलेच, तर त्यासाठी त्वचा केंद्रे आहेत.

आधीबाईंना (हे नाव त्यांना पुढे नोकरीमुळे पडले, पण तेच आता घरीदारी चालते) लेक पोटात असताना दोन्ही गालांवर वांगाचे डाग आले. शास्त्राप्रमाणे अशा डागांची कारणे म्हणजे ऊन, गरोदरपण, काही गोळ्या, चुकीची मलमे आणि घराण्याचा वारसा. सासरच्या शास्त्राप्रमाणे कारण एकच, ते म्हणजे माहेर. सासूबाईंनी तसे बारशाआधीच जाहीर केले होते. जाऊबाईंच्या मते ती जागरणे होती आणि शेजारणीच्या मते चहा. नवरा शिंपी होता. त्याला दोन वर्षे डाग दिसलेच नाहीत, आणि दाखवल्यावर तो सगळ्यांशी सहमत झाला.

मग उपचार सुरू झाले. लिंबू चोळून झाले, मध झाला, बटाट्याचा रस झाला. लिंबू चोळून उन्हात गेले की डाग आणखी गडद होतात, ही गोष्ट लिंबाने कोणालाच सांगितली नव्हती. शेवटी बाई बाजाररस्त्यावरच्या, चष्म्याच्या दुकानावरच्या त्वचा केंद्राचा जिना चढल्या.

केंद्राचे डॉक्टर अतिशय सज्जन आणि कडक इस्त्रीचे गृहस्थ होते. त्यांनी खोलीत अंधार करून निळ्या दिव्याखाली बाईंचे गाल पाहिले आणि डागांचे प्रकार समजावून सांगितले: वरवरचे, खोलवरचे, मिश्र आणि हप्त्यांवरचे. बाई शेवटच्या प्रकारात बसत नव्हत्या. तेव्हा डॉक्टरांनी मोठ्या मनाने तोड काढली, की केंद्राच्या फलकासाठी फोटो दिलात तर उपचार फुकट. फोटो ट्यूबलाइटच्या बरोबर खाली उभे करून, केसांना चप्प तेल लावून, काहीतरी वाईट आठवायला सांगून काढण्यात आला. त्याखाली ‘आधी’ असे लिहायचे होते. ‘नंतर’ यायला काही महिने लागले असते, आणि फलकवाला तर गुरुवारी येणार होता. म्हणून डॉक्टरांच्या मेहुणीला, जिच्या गालावर जन्मात कधी ठिपका उठला नव्हता, खिडकीशी बसवून हसायला सांगण्यात आले. (यात फसवणूक कसलीच नाही. एक बाई आधी आल्या, दुसऱ्या नंतर आल्या.)

फलक उत्तम चालला. इतका, की लोक विचारू लागले, ही बाई खरी आहे का? डॉक्टर दूरदृष्टीचे असल्यामुळे त्यांनी बाईंना स्वागतकक्षात नोकरीच दिली. सेवेच्या अटी सोप्या होत्या. सकाळी खिडकीशेजारच्या डाव्या खुर्चीत बसायचे, दुपारी उजव्या खुर्चीत, म्हणजे उन्हाचे वाटप दोन्ही गालांना समान होते. चेहऱ्याला काहीही लावायचे नाही. छत्री, ओढणी व पदर यांचा गैरवापर करायचा नाही. इथे काम करून तुमचे डाग कसे गेले नाहीत, असे कोणी विचारले तर ‘माझे उपचार सुरू व्हायचे आहेत’ असे सांगायचे. हे उत्तर बाई कित्येक वर्षे देत आल्या. ऐकणाऱ्याला वाटे, बापरे, इथल्या माणसालाच नंबर मिळत नाही, म्हणजे काय मागणी असेल!

घरातही बाईंचे वजन वाढले. पूर्वी डागांवरून टोमणे मारणाऱ्या सासूबाई आता त्यांची राखण करू लागल्या. “खबरदार चेहऱ्याला काही लावशील तर,” असे त्या रोज दारापर्यंत येऊन बजावत. आणि बाईंची लेक दुसऱ्या गावी वसतिगृहात राहून शिकत होती, ती याच गालांच्या जिवावर.

लोकांच्या नजरांचे मात्र बाईंना वाईट वाटे. जिना चढून येणारा प्रत्येक जण आधी त्यांच्याकडे बघे, मग स्वतःच्या नशिबावर खूश होई. एकदा त्या नवऱ्याला म्हणाल्या, “माझ्याकडे बघतात तसं आपल्या लेकीकडे कुणी बघू नये, एवढंच मागणं आहे माझं. शिकून स्वतःच्या पायावर उभी राहू दे. तोवर मी बसते उन्हात.” नवरा टाका घालत होता. तो याच्याशीही सहमत झाला.

आणि अशा सुरळीत चाललेल्या संसारात, केंद्रासमोरच्या इमारतीवर मजले चढले. ऊन खिडकीत यायचे बंद झाले. त्याच सुमारास बाईंची पाळीही थांबली. ऊन गेले, अंतःस्रावांची गडबड निवली, आणि इतक्या वर्षांच्या एकनिष्ठ सेवेनंतर डाग फिके पडू लागले.

घरावर आकाश कोसळले. सासूबाईंनी सुनेला सुट्टीच्या दिवशी भर दुपारी गच्चीवर पिटाळले. जाऊबाईंनी जुना आकस विसरून लिंबे पाठवली. तरीही गाल ऐकेनात. शेवटी बाई भुवयांच्या पेन्सिलीने रोज सकाळी आपली जागा स्वतःच रंगवून कामावर जाऊ लागल्या, आणि त्या वर्षी उकाडा जरा जास्त झाल्यामुळे एके दुपारी, डॉक्टरांसमोर घाम पुसताना, ‘आधी’ रुमालावर उतरली.

डॉक्टरांनी त्यांना आत बोलावले. केंद्र उघडल्यापासून बरा झालेला हा पहिलाच रुग्ण असल्यामुळे वातावरण गंभीर होते. डाग गेल्याबद्दल केंद्राचा आक्षेप नव्हता. ते केंद्राला न विचारता गेले, याबद्दल होता.

“मग मला ‘नंतर’मध्ये घ्या,” बाई म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाले, ती जागा भरलेली आहे. शिवाय लोक विचारतील, काय लावलंत? तेव्हा काय सांगणार?

“सावली,” बाई म्हणाल्या. “मी सावलीत बसले.”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “सावली आपण ठेवत नाही,” ते म्हणाले.

महिनाअखेरीस काम सोडायचे ठरले. बाहेर खुर्चीत येऊन बसताना बाईंच्या डोळ्यांपुढे लेकीचे वसतिगृह आले आणि त्यांना रडूच कोसळणार होते. पण तेवढ्यात दारात एक बाई आली. ती चष्म्याचे दुकान कुठे म्हणून विचारायला चुकून वर आली होती. आधीबाईंनी तिला खाली जायला सांगितले. सांगताना त्यांची नजर तिच्या गालावर क्षणभर जास्त थांबली, मग सभ्यपणे पंख्याकडे वळली. यात हेतू काही नव्हता. इतकी वर्षे लोक त्यांच्याकडे असेच बघत आले होते, आणि तेच डोळ्यांना वळण लागले होते.

बाई खाली गेली नाही. काही आहे का हो, असे तिने गालावर हात ठेवून विचारले. काही नाही, असे आधीबाई म्हणाल्या, पण जराशा उशिरा. बाई खुर्चीत बसली. डॉक्टरांनी हे आतल्या दारातून पाहिले आणि महिनाअखेर रद्द केली.

तेव्हापासून आधीबाई केंद्राच्या निरीक्षक आहेत. काम कौशल्याचे आहे. नजर रोखायची नाही, ते उद्धटपणाचे दिसते. फक्त अडखळू द्यायची. मग लगेच काढून घ्यायची. ‘काही नाही’ हे मायेने म्हणायचे, कारण मायेशिवाय त्याचा गुण येत नाही. केंद्राच्या पाहणीनुसार अशा रीतीने बघितलेल्या शंभरांपैकी सत्त्याण्णव जण उपचार घेतात. (उरलेले तिघे खाली चष्मा बदलायला आले होते, त्यांना बघितलेले दिसलेच नाही.) डागांच्या प्रकारांत त्यामुळे पाचव्या प्रकाराची भर पडली आहे, ती म्हणजे ‘नजरोत्तर’. हे डाग कोणत्याच दिव्याखाली दिसत नाहीत. त्यामुळे ते गेले असे कोणाला म्हणता येत नाही आणि उपचार निष्ठेने चालू राहतात.

बाईंना बढती मिळाली. लेकीचे शेवटचे वर्ष निर्विघ्न पार पडले, निकाल उत्तम लागला, नोकरीचे पत्र आले आणि पोरगी बॅग घेऊन घरी आली. बाईंनीच दार उघडले. प्रवासाने दमलेली, आनंदाने फुललेली आपली लेक त्यांनी डोळे भरून पाहिली. मग सवयीने त्यांची नजर क्षणभर अडखळली आणि चपलांच्या फळीकडे वळली.

“काय गं आई? काय झालं?”

“काही नाही,” बाई म्हणाल्या. जराशा उशिरा.

पोरीने बॅग तिथेच ठेवली आणि ती बेसिनच्या आरशापुढे जाऊन उभी राहिली. तिने दिवा लावला. आपण काय केले हे बाईंइतके नेमके जगात कोणाला कळणार? त्या धावत मागे गेल्या आणि जीव तोडून खरे तेच बोलल्या, “अगं, खरंच काही नाही. गाल अगदी स्वच्छ आहेत तुझे.”

“गाल?” लेक आरशातून म्हणाली. “म्हणजे गालावर आहे?”

सोमवारपासून तिचे उपचार सुरू झाले. कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांना केंद्रात सवलत असते. आधीबाई घरात आता शक्यतो जमिनीकडे बघून बोलतात. त्यावरून लेकीने ताडले आहे, की प्रकरण वाढलेले दिसते.

ही हकिगत कोणाच्याही प्रचारासाठी लिहिलेली नाही, याची वाचकांनी खात्री बाळगावी. वाचकांचा चेहरा आम्ही पाहिलेला नाही आणि त्याबद्दल आमचे काहीच म्हणणे नाही. उजव्या बाजूबद्दल तर नाहीच नाही.