पेपरवेटखालची उद्दिष्टं

भूगोलाचे सर जेवणाच्या टेबलावर शाळेतून आलेला अर्ज पसरून बसले होते आणि त्यांची पत्नी समोर बसून वाटाणे सोलत होती. अर्जाचं नाव होतं ‘अध्यापनातील तंत्रज्ञानाची वार्षिक उद्दिष्टे’. रकाने चार. काय करणार, केव्हापर्यंत करणार, सध्याची अडचण काय आणि कोणती मदत लागेल. उद्दिष्टं मोजता येण्याजोगी हवीत अशी सूचना वर ठळक अक्षरांत होती. खरी सूचना मात्र तळाशी बारीक अक्षरांत होती. जे शिक्षक पहिल्या सत्राअखेर उद्दिष्ट गाठणार नाहीत, त्यांच्याकडून दहावीचा वर्ग काढून घेतला जाईल.

सर सव्वीस वर्षं दहावीला भूगोल शिकवत होते. निवृत्तीला चार वर्षं उरली होती. दहावीचा वर्ग गेला तर शाळेत जायचं ते कशासाठी, असा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला आणि त्यांनी पेन खाली ठेवलं.

अडचण अशी होती की, तीन वर्षांपूर्वी वर्गात डिजिटल फळा आल्यापासून सरांच्या पाठांची शाळेत वाहवा होत होती आणि त्यातला एकही पाठ त्यांनी स्वतः बनवलेला नव्हता. त्यांची पत्नी वीस वर्षं शिवणवर्ग चालवत होती. भरतकामाचे नमुने काढण्यासाठी ती कॉम्प्युटर शिकली आणि पुढे मुली तयार कपडे घ्यायला लागल्यावर शिवणवर्ग बंद झाला, पण कॉम्प्युटर राहिला. रोज संध्याकाळी चहा झाला की सर खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसायचे. ते नदी कुठून निघते ते सांगायचे आणि ती पडद्यावर नदी सोडायची. पाठ तयार झाला की तो ती लॅपटॉपवर उघडूनच सरांच्या हाती द्यायची, म्हणजे वर्गात फक्त वायर जोडायची आणि बाणाचं बटण दाबायचं. शाळेत सगळे म्हणायचे, या वयात सरांनी काय शिकून घेतलंय. सर खोटं कधी बोलले नाहीत. फक्त कौतुक चालू असताना कोणाला मध्येच तोडू नये, हा शिष्टाचार त्यांनी पाळला.

“एकदा खरं लिहून बघा तरी,” पत्नी म्हणाली. “नाही आवडलं तर फाडून टाका.”

सरांनी गंमत म्हणून लिहिलं. पहिल्या सत्राअखेर पत्नीच्या मदतीशिवाय पाच पाठ डिजिटल फळ्यावर शिकवीन. सध्याची अडचण, पत्नीने तयारी करून दिल्याशिवाय फळा सुरू करता येत नाही. लागणारी मदत, पत्नीची. दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग सरांनी दुसऱ्या कोऱ्या अर्जावर ‘वीस पाठ, स्वबळावर’ असं गंभीर चेहऱ्याने लिहिलं. पहिला कागद फाडायला हवा होता. पण त्यावर अक्षर फार सुरेख आलं होतं, म्हणून तो पिशवीतच राहिला.

आता त्या शाळेची एक पद्धत सांगितली पाहिजे. कोणताही अर्ज आला की सरांनी लिहिलेली एक प्रत शिक्षकांच्या खोलीत टेबलावरच्या काचेच्या पेपरवेटखाली ठेवली जायची आणि बाकीचे एकवीस जण नाव आणि विषय बदलून ती उतरवून घ्यायचे. याला आळस म्हणणाऱ्यांनी एकदा दिवसाला साठ वह्या तपासून पाहाव्यात. चार वाजल्यानंतर माणसाचा हात लिहू शकतो, पण डोळे वाचायला साफ नकार देतात. त्या सकाळी सर शाळेत पोहोचले तेव्हा घंटा वाजत होती. त्यांनी घाईघाईने एक कागद ऑफिसात दिला, दुसरा पेपरवेटखाली सारला आणि वर्गाकडे पळाले.

संध्याकाळपर्यंत एकवीस अर्ज तयार झाले. एकवीसपैकी तेरा तर बाईच होत्या. त्या तेरा जणींनीही पत्नीच्या मदतीशिवाय शिकवण्याचा निर्धार केला. खेळाच्या सरांचं लग्न झालेलं नव्हतं, पण त्यांनी काळजीपूर्वक ‘पाच पाठ’ खोडून ‘पाच खेळ’ केलं होतं. मुख्याध्यापिका बाईंनी एका हाताने फोन धरून सगळ्यांवर सह्या केल्या आणि गठ्ठा वरच्या कार्यालयात गेला.

वरच्या कार्यालयात अर्ज वाचत नाहीत, त्यांची बेरीज करतात. पंधरा दिवसांनी पत्र आलं. बावीसपैकी एकवीस शिक्षकांना पत्नीच्या मदतीशिवाय डिजिटल फळा वापरता येत नसल्याचे आढळले आहे. शिक्षकांचा प्रामाणिकपणा कौतुकास्पद आहे. प्रत्यक्ष काम पत्नी करत असल्याने सदर एकवीस पत्नींना शनिवारी शाळेतच प्रशिक्षण देण्यात येईल. स्वबळावर शिकवणाऱ्या एकमेव शिक्षकांनी त्यांच्यापुढे पाठाचे प्रात्यक्षिक द्यावे. कार्यालयाचे साहेब स्वतः उपस्थित राहतील.

मुख्याध्यापिका बाईंनी पत्र मोठ्याने वाचलं. मग सगळ्यांच्या माना हळूहळू सरांकडे वळल्या.

“सर, ते तुमच्याच कागदावर होतं,” खेळाचे सर म्हणाले.

सरांना एका वाक्यात सगळं सांगून मोकळं होता आलं असतं. पण डोळ्यांपुढे दहावीचा वर्ग आला आणि तोंडातून निघालं, “तो नुसता नमुना होता. काल्पनिक. आपापलं बदलून घ्यायचं ना.”

हे त्यांनी तोंडाने बोललेलं पहिलं धडधडीत खोटं. ते सगळ्यांना लगेच पटलं, याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. इतिहासाच्या बाईंनी तर उलट त्यांचीच माफी मागितली. न वाचता सह्या केल्या हे कार्यालयाला कळवणं मुख्याध्यापिका बाईंना परवडणारं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला आणि एवढंच सांगितलं, “शनिवारी एकवीस पत्नी दिसल्या पाहिजेत. कुठून आणायच्या ते तुम्ही बघा.”

मग जो तो पत्नीच्या शोधात लागला. ज्यांना खऱ्या पत्नी होत्या त्यांना आधी घरी समजूत घालावी लागली. बाईंपैकी कोणी नणंद ठरवली, कोणी जाऊ, एकीने सासूबाईंना तयार केलं. खेळाच्या सरांनी आईला विचारलं, आणि आईने सुनेचा विषय काढून त्यांना दोन तास बसवून ठेवलं. इतिहासाच्या बाईंना कोणीच मिळेना, तेव्हा त्या थेट भूगोलाच्या सरांच्या घरी आल्या.

“वहिनी, तुमच्या सरांच्या अर्जात तर तुमचं नाव नाही. शनिवारी माझ्या पत्नी म्हणून बसाल का?”

सरांनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. पत्नीने क्षणभर त्यांच्या पाठीकडे पाहिलं. “बसते की,” ती म्हणाली. इतिहासाच्या बाई गेल्यावर तिने सरांना धीर दिला. पाठ तयार आहे, लॅपटॉप उघडून देईन, आणि मी असेनच शेवटच्या रांगेत. सरांना त्या रात्री बरी झोप लागली.

शनिवारी शाळेच्या सभागृहात एकवीस पत्नी ओळीने बसल्या. सर्वांत लहान बावीस वर्षांची होती आणि सर्वांत मोठ्या पत्नीला दोघांनी धरून खुर्चीत बसवावं लागलं. साहेबांनी यादीवर खुणा केल्या आणि कोणाकडे फार निरखून पाहिलं नाही. यादी भरली होती.

सर लॅपटॉपची वायर हातात घेऊन पुढे आले. साहेब म्हणाले, “तो राहू द्या. शाळेच्या मशीनवरून दाखवा. तुमचा पाठ नेटवर असेलच ना? आपलं खातं उघडा.”

फळ्यावर पांढरी चौकट आली. तिने पासवर्ड मागितला. पासवर्ड नावाची वस्तू आपल्या घरात आहे, हे सरांना ऐकून माहीत होतं. ती कुठे ठेवली आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी शेवटच्या रांगेकडे पाहिलं.

पत्नीने अलगद स्वतःच्या गळ्याला हात लावला. सरांनी चटकन कॉलर नीट केली. पत्नीने मान हलवली आणि छातीवर हात ठेवला. सरांनी शर्टाची बटणं चाचपली, सगळी लागलेली होती. मग पत्नी खांद्यापासून मनगटापर्यंत बोट फिरवायला लागली. सरांनी बाही खाली ओढली आणि आता तरी बरा दिसतोय ना, अशा नजरेने तिच्याकडे पाहिलं. तिने कपाळावर हात मारला. आजूबाजूच्या दोन-चार पत्नींना हा प्रशिक्षणाचाच भाग वाटला आणि त्यांनीही गळ्याला, छातीला, बाहीला हात लावून घेतला.

“काही अडचण?” साहेबांनी विचारलं.

सरांनी भिंतीलगत उभ्या असलेल्या एकवीस सहकाऱ्यांकडे पाहिलं. त्यांच्या एका कागदामुळे ही सगळी माणसं आज खऱ्या-उसन्या पत्नी घेऊन उभी होती. त्यांना स्वतःचीच फार लाज वाटली. दहावीचा वर्ग जातो तर जाऊ दे, असं त्यांच्या मनाने घेतलं.

“साहेब, मला पासवर्ड माहीत नाही. माझ्या बायकोला माहीत आहे. शेवटच्या रांगेत बसल्यात ना, त्या.”

साहेबांनी यादी पाहिली. “त्या तर इतिहासाच्या बाईंच्या पत्नी आहेत.”

“नाही, माझ्या आहेत,” सर म्हणाले. “तीन वर्षं भूगोल मी शिकवतोय, पण मुलांना जे दिसतं ते सगळं हिने केलंय. तो कागद नमुना नव्हता. तो खरा होता. खोटा होता तो मी ऑफिसात दिला.”

पत्नी उठली, पदर सावरून पुढे आली आणि सरांच्या शेजारी उभी राहिली. “गळा साडेपंधरा, छाती चाळीस, बाही चोवीस,” ती म्हणाली. “यांच्या शर्टाचं माप आहे. मला दुसरा कुठलाच आकडा इतका पक्का लक्षात राहत नाही.”

आधी सर्वांत मोठ्या पत्नीला हसू फुटलं, मग सगळ्यांना. तिने तेच आकडे चौकटीत टाकले आणि फळ्यावर नदी वाहायला लागली. साहेबांनी सरांच्या पत्नीला दोन-तीन गोष्टी विचारल्या. पाठ साठवायचा कसा, यावर ती म्हणाली, “टाका घातला की गाठ मारायची. गाठ नाही मारली तर सगळं उसवतं.” तीन वर्षं सेव्ह करायला विसरणाऱ्या खेळाच्या सरांनी हे वाक्य हातावर लिहून घेतलं.

साहेब मनाने वाईट नव्हते, त्यांना फक्त बेरीज जुळायला हवी होती. त्यांनी जागेवरच हुकूम काढला. पत्नींचे प्रशिक्षण रद्द. भूगोलाच्या सरांच्या पत्नीने रोज संध्याकाळी शाळेत एक तास शिक्षकांना शिकवावे. शिकायचे ते एकवीस जणांनी. भूगोलाच्या सरांनी ‘स्वबळावर’ असे लिहून दिले असल्याने त्यांनी स्वबळावरच शिकावे आणि सत्राअखेर वीस पाठ दाखवावेत, नाहीतर दहावी सोडावी.

आता संध्याकाळी सर एकटे. पत्नी सातला घरी यायची, आणि आल्यावरही कोणाकोणाचे फोन. सर चहा स्वतः करायचे आणि लॅपटॉपपुढे बसायचे. पहिल्या आठवड्यात त्यांनी एक नदी डोंगरावर चढवली आणि एक वाळवंट चुकून पुसून टाकलं. रागावून दोनदा लॅपटॉप मिटला. पण दहावीचा वर्ग आठवला की पुन्हा उघडला. सत्र संपलं तेव्हा वीस पाठ झाले होते, आणि ते सगळे त्यांचे होते. सरांची दहावी राहिली.

पेढे मिळाल्यासारखा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. वर्षअखेरीला पुढल्या उद्दिष्टांचा अर्ज आला तेव्हा सर टेबलावर नुसतेच बसून राहिले.

“काय झालं? आता तर सगळं येतं तुम्हाला,” पत्नीने विचारलं.

“येतं ना. पण तेव्हा येत नव्हतं ते बरं होतं.” सर अर्जावर नजर ठेवून बोलले. “तू शेजारी बसायचीस. आता मी इथे आणि तू शाळेत त्या एकवीस जणांत. मला करमत नाही.”

पत्नी सरांच्या नव्या शर्टाचं कापड घेऊन आली आणि त्यांच्या छातीभोवती टेप लावून म्हणाली, “बेचाळीस झाली. पासवर्ड बदलायला हवा.”

दुसऱ्या दिवशी सरांनी पेपरवेटखाली काहीही ठेवलं नाही. यंदा ज्याने त्याने आपलं लिहावं, असं त्यांनी निक्षून सांगितलं. शिक्षकांच्या खोलीत सगळे रिकाम्या पेपरवेटकडे पाहत राहिले. अखेर इतिहासाच्या बाई म्हणाल्या, “मग संध्याकाळी वहिनींनाच विचारू.”

वहिनींनी नाही म्हटलं नाही. त्यांनी एका कागदावर नमुना लिहून दिला. एकवीस जणांनी नाव आणि विषय बदलून तो उतरवला, मुख्याध्यापिका बाईंनी सह्या केल्या आणि वरच्या कार्यालयाने बेरीज केली.

पंधरा दिवसांनी सरांच्या नावे पत्र आलं. आपल्या शाळेतील एकवीस शिक्षकांनी ‘लागणारी मदत’ या रकान्यात एकमुखाने भूगोलाचे सर म्हणून आपलेच नाव दिले आहे. तरी आपण रोज संध्याकाळच्या वर्गात आपल्या पत्नीच्या शेजारी खुर्ची टाकून बसावे व त्यांना मदत करावी.

सरांनी पत्र दोनदा वाचलं. मग नवा शर्ट घातला आणि साडेपाचच्या आधीच खुर्ची घेऊन सभागृहात जाऊन बसले.