केझायाचा जिवंत नवरा

हॉइटची बायको व्हर्ना गेल्याला दोन महिने झाले. तिच्या थडग्याचा दगड कोरून तयार झाला आणि त्याच आठवड्यात हॉइटला कळलं की त्यावरची एक ओळ खोटी आहे.

ओळ व्हर्नानेच सांगून ठेवली होती : ‘विधवा केझाया टिडवेल हिची वंशज.’ दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या सरकारने क्रीक या मूळ रहिवाशांना हाकलून त्यांची जमीन सोडत काढून वाटली. विधवेला तिच्या नावाची चिठ्ठी मिळे, नवरा असलेल्या बाईला नाही. केझायाची चिठ्ठी निघाली आणि सात पोरं घेऊन तिने एकटीने जंगल तोडलं, असं व्हर्नाच्या माहेरी दर जेवणावळीला सांगत.

व्हर्नाने लिहिलेल्या वंशावळीत केझायाच्या नवऱ्याचं मृत्युवर्ष तेवढं कोरं होतं. तिचं एवढं तरी काम पुरं करावं म्हणून हॉइट वाचनालयात गेला. जुन्या याद्या चाळताना काही वर्षांनंतरच्या पुढच्याच सोडतीत त्याला तो नवरा, अॅब्सलम टिडवेल, भेटला. स्वतःची चिठ्ठी स्वतः उचलताना.

“दुसरा कुणी असेल, भावजी,” मेहुणी मोझेल म्हणाली.

“त्याच गावचा? बायको केझाया, असंही लिहिलंय.”

“मग तो मेलाच नव्हता?”

“नव्हता. आणि मेला होता म्हणावं, तर तुमची खापरपणजी, म्हणजे केझायाची लेक, त्यानंतर चार वर्षांनी जन्मलीय.”

“भावजी! चर्चच्या पायरीवर उभे आहात!”

“म्हणून तर हळू बोलतोय. केझाया लबाड, नाहीतर खापरपणजी... तूच निवड.”

मोझेलने लबाड निवडली. पण रविवारी दगड बसवायचा होता, सगळं माहेर यायचं होतं, आणि पाथरवट बफर्ड म्हणाला, “ग्रॅनाइट आहे. ओळ घासली तर वरचं नावही जाईल.”

मोझेलला राहवलं नाही. ती स्वतः कोर्टाची जुनी कागदपत्रं बघायला गेली आणि संध्याकाळी तरातरा बफर्डच्या दगडांच्या आवारात आली. हॉइट तिथेच होता.

“केझायावर खटला झाला होता. खोटी विधवा म्हणून. जमीन जप्त.”

“सगळी?”

“अर्धी सरकारजमा. अर्धी चुगली करणाऱ्याला, तसा कायदाच होता.”

“कुणी केली चुगली?”

“अॅब्सलमने.”

बफर्डच्या हातातली छिन्नी थांबली. “सख्ख्या नवऱ्याने?”

“शेजाऱ्याला कुणकुण लागली असणार,” हॉइट म्हणाला. “शेजाऱ्याने सांगितलं असतं तर सगळीच गेली असती. ह्याने आधी सांगितलं. अर्धी घरात राहिली.”

मोझेल हसली. बहिणीला पुरल्यापासून पहिल्यांदाच हसली, आणि मग तिला रडू आलं.

“मग ‘विधवा’ ठेवू, का नावासकट घासू?” बफर्डने विचारलं.

मोझेलने डोळे पुसून दगडाकडे पाहिलं. इकडच्या रीतीप्रमाणे व्हर्नाच्या शेजारी हॉइटचंही नाव कोरलेलं होतं. जन्माचं वर्ष, आडवी रेघ आणि पुढे मोकळी जागा.

“राहू दे,” ती म्हणाली. “जिवंत नवऱ्याला मेलेल्यांत घालायची आमच्यात चालच दिसते.”

हॉइटने आपल्या नावापुढच्या रेघेवर बोट ठेवलं.

“बफर्ड, ती मोकळी जागाही भरून टाक.”

“कुठलं वर्ष घालू?”

“तिचंच घाल.”

बफर्डने मोझेलकडे पाहिलं. मोझेलने त्याच्या हातातली छिन्नी काढून घेतली.

“रविवारी चाळीस माणसं जेवायला येतायत, भावजी,” ती म्हणाली. “खुर्च्या कोण मांडणार?”