भिंगरीच्या अंगावरील सरहद्दींची मोहीम

समस्त लेकुरवाळ्या गृहस्थांस विदित व्हावे की, शनिवारी प्रातःकाळी सात वर्षांची भिंगरी अंग खाजवीत उठली आणि हातापायांवर लाल गांधी उठोन त्यांनी ठाणी दिली, ते समयी जे वर्तमान गुदरले ते येणेप्रमाणे.

भिंगरीच्या मातोश्री, म्हणजे आजोबांच्या सूनबाईसाहेब, यांनी गांधी पाहताच कांजिण्यांचा निवाडा केला आणि फर्मान जारी केले की, भिंगरीने खोलीबाहेर पाऊल टाकू नये आणि शाळेतील संध्याकाळच्या नाटकाचे तर नावही काढू नये. भिंगरी नाटकात जिराफ होती आणि दोन महिने मान ताणून तालीम करीत होती. तिचे तोंड एवढेसे जाहले, ते आजोबांस पाहवेना. आजोबांनी तंत्रनिकेतनात छत्तीस वर्षे मापनशास्त्र शिकविलेले. मोजल्यावाचून निवाडा हा त्यांचे दप्तरी गुन्हाच. मग त्यांनी ताप मोजिला, तो नाही. आणि भिंग धरिले, तो पाण्याचा फोड एकही नाही. आणि काचेचा पेला दाबिला, तो लाली पळाली आणि पेला उचलताच माघारी आली. मग मार्कर उपसोन गांधीगांधीभोवती सरहद्द आखिली आणि शेजारी वेळ लिहिली.

“बाबा, पोरगी आहे ती, ड्रॉइंगशीट नाही,” सूनबाई म्हणाल्या.

“कांजिण्या जागा सोडत नाहीत. हे सोडतं का, ते बघू.”

“आजोबा, गुडघ्याला नको, गुदगुल्या होतात.”

मग दोन प्रहरी पाहणी केली, तो दंडावरील सरहद्दी शाबूत आणि आत गनीम नाही. त्याने रातोरात नव्हे, भरदिवसा मुलूख सोडोन पोटरीवर नवे ठाणे दिले होते. सूनबाईसाहेब रिक्षा आणावयास गेल्या. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी अंगावरील नकाशा वाचोन निकाल दिला की, हे अंगावर उठलेले पित्त, कोणास लागत नाही, औषध द्यावे, नाटकास खुशाल पाठवावे. मात्र ओठ अगर जीभ सुजली वा दम लागला तर क्षणाचाही विलंब न करिता इस्पितळ गाठावे.

औषधाने गनीम निघोन गेला. सरहद्दी मात्र साबणास दाद देईनात, कारण मार्कर पक्क्या शाईचा, हे मोजावयाचे आजोबांकडून राहिले होते. त्यांनी मान खाली घातली. मग सूनबाईसाहेबांनी हात पुढे केला.

“द्या तो मार्कर. मानेवर एकही ठिपका नाही. असा जिराफ असतो का?”

पाच वाजता जिराफ रंगमंचावर दाखल जाहला. त्याच्या डाव्या दंडावर ‘सकाळी ७.४०’ हे पहिल्या रांगेतून स्वच्छ वाचता येत होते. मोहीम फत्ते जाहली, हे दप्तरी नमूद असे.