मनोऱ्यावरचा केस

विद्यापीठाच्या जुन्या इमारतीचं तिथेच शिकवून म्हातारे झालेल्या फादरांनी काढलेलं जलरंगातलं चित्र फ्रेमवाला बराच वेळ नुसता पाहत बसला. तीस वर्षांत त्याने देवांपासून नवरा-नवरीपर्यंत सगळ्यांना चौकटीत बसवलं होतं, पण असा जिवंत दगड त्याने पाहिला नव्हता. कमानींतली सावली तर इतकी गार, की तिथे जाऊन टेकावंसं वाटावं.

"काय हात आहे या माणसाचा," तो बायकोला म्हणाला.

बायकोने चष्मा लावला. "हात आहेच. पण मनोऱ्यावर केस चिकटलाय."

केसावर काच बसली की नाचक्की फ्रेमवाल्याची. त्याने फुंकर मारली, ब्रश फिरवला. केस ढिम्म हलेना. शेवटी त्याने ओल्या कापसाचं टोक लावलं आणि केस गेला. मग त्याने कापसाकडे पाहिलं, तर कापूस करडा झाला होता.

चार वाजता हे चित्र कुलगुरूंना भेट द्यायचं होतं. फ्रेमवाल्याने सायकल काढली आणि थेट विद्यापीठ गाठलं. घड्याळाखालून कमानीपर्यंत मनोऱ्याला तडा गेला होता! फादरांनी तो इमानाने टिपला होता आणि या शहाण्याने पुसून टाकला होता. घरी येऊन, श्वास रोखून, डोळ्यांत साठवून आणलेला तडा त्याने पुन्हा काढला.

तीन वाजता फादर आले, तेव्हा ते खुर्चीत बसायच्या आतच त्याने सगळं कबूल करून टाकलं.

फादरांनी चित्र नाकाजवळ धरलं. या तड्याबद्दल ते सहा वर्षं अर्ज करत होते, आणि दोष त्यांच्या म्हाताऱ्या नजरेचा आहे, असं कचेरी कळवत होती. कुलगुरूंना तो रोज दिसावा म्हणूनच तर हे चित्र.

"माझी रेघ याच्या निम्मी होती," ते म्हणाले.

फ्रेमवाला वरमला. "बारीक करू का?"

"तुम्ही बघून काढलीत?"

"आजच. दुपारी एक वाजता."

"मी उन्हाळ्यात काढली होती." फादरांनी नखाने रेघेची रुंदी मोजली; तेव्हापासून तडा दुप्पट झाला होता. मग त्यांनी ब्रश पुढे केला. "माझ्या सहीशेजारी तुमची करा."

नाही नाही म्हणत त्याने सही केली.

पाच वाजता मनोऱ्याभोवती दोर बांधून लोकांना लांब केलं जात होतं. कुलगुरू एकदा चित्राकडे, एकदा वर पाहत होते. दुसरी सही कुणाची, असं त्यांनी विचारलं.

"माझ्यापेक्षा नीट पाहणाऱ्याची," फादर म्हणाले.

फ्रेमवाला मागे उभा राहून स्वतःच्या शर्टाची बाही उगाच नीट करत होता.